माझ्या हातात पेटणारा बल्ब

मुलाने तिकडे परदेशात, हॅमिल्टन शहराच्या बाहेर घर घेतलं, तेव्हा त्या घराच्या गॅरेजमध्ये एक जुना ट्रॅक्टर उभा होता. आधीचा मालक म्हणजे आमचा आताचा शेजारी. म्हातारा गोरा माणूस. त्याने शेताच्या कडेचा तुकडा घरासकट विकला आणि स्वतः पलीकडच्या लहान घरात राहायला गेला. ट्रॅक्टर मात्र नेला नाही. मुलाने विचारलं तर म्हणाला, उंदरांनी वायरी खाल्ल्यात, चालत नाही, नको असेल तर भंगारवाल्याला बोलवा.

मी तेव्हा गावी होतो. फोनवर मुलगा सहज म्हणाला, "आप्पा, घरासोबत एक डबडा ट्रॅक्टर मिळालाय."

मी विचारलं, "इंजिन फिरतं का?"

"मला काय माहीत?"

"मग हात लावू नको. मी येतोय."

त्याच्या आधी दोन-तीन वर्षं तो मला बोलावत होता आणि मी नाही म्हणत होतो. सूनबाई अजून सगळ्यांना सांगते की आमचे आप्पा नातवंडांसाठी नाही आले, ट्रॅक्टरसाठी आले. सांगू दे. खोटं काय आहे त्यात?

माझं शिक्षण चौथी. पण साखर कारखान्याच्या रस्त्यावर माझं गॅरेज होतं आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर माझ्या दारात रांगेने उभे राहायचे. माझं काम वायरिंगचं. दिवा लागत नाही, हॉर्न वाजत नाही, इंजिन फिरवणारा सेल्फ उचलत नाही, असलं काही झालं की ड्रायव्हर दुसरीकडे जायचाच नाही. मी इंजिनाला हात लावत नव्हतो आणि इंजिनवाल्याला माझ्या वायरींना हात लावू देत नव्हतो.

इथे आल्यावर कळलं की या घरात सगळं त्यांचं आहे. बेसमेंटमधली खोली मला दिली, छान आहे, गरम आहे. पण टीव्ही लावायचा तर विचारायचं, चहा करायचा तर चूल कशी पेटते ते विचारायचं, बाहेर फिरायला जायचं तर कोण घेऊन जाणार ते विचारायचं. विचारायची सवय मला कधी नव्हती. गॅरेजमध्ये गेलो, ट्रॅक्टरच्या बोनेटवर हात ठेवला आणि म्हटलं, इथे कुणाला विचारायचं नाही.

पण विचारावं लागलंच. कारण गॅरेजवर सूनबाईचा डोळा होता.

सूनबाई नागपूरची. कॉम्प्युटरचं काम करते, बरेच दिवस घरूनच. बोलायला फटकळ, मनाने सोन्यासारखी. पण हिवाळ्यात तिची व्हॅन बाहेर उभी राहायची आणि रोज सकाळी तिला काचेवरचा बर्फ खरवडावा लागायचा. ती म्हणाली, "आप्पा, तुमच्या या पाहुण्याला भाडं नाही, काम नाही, आणि झोपायला गॅरेज. माझ्या गाडीने काय पाप केलं?"

मुलाने मधला मार्ग काढला. तो लहानपणापासून मधला मार्ग काढतो. म्हणाला, "दसऱ्यापर्यंत चालू झाला तर राहील. पुढे त्याला बर्फ लोटायचं पातं लावता येतं, घरापुढचा ड्राइव्हवे साफ करता येईल, फावडं मारायला नको. नाही झाला तर दसऱ्यानंतरच्या सोमवारी भंगारवाला येईल. मी सांगून ठेवलंय त्याला."

"सांगून ठेवलंय?"

"आप्पा, तो बिझी माणूस आहे."

म्हणजे ट्रॅक्टरचा निकाल आधीच लिहिला होता, सही तेवढी बाकी होती. उन्हाळा पुढे होता.

मी कामाला लागलो. आधी सगळ्या जुन्या वायरी उपटून काढल्या. उंदरांनी खरंच काही ठेवलं नव्हतं. वायरी काढल्यावर ट्रॅक्टर नागडा दिसायला लागला, गंज दिसायला लागला. मग मी ठरवलं की दसऱ्याला पूजा करायची तर रंग नवीन पाहिजे.

आमच्याकडे ट्रॅक्टरला दसऱ्याच्या आधी रंग देतात. माझ्या गॅरेजशेजारी एक रंगवाला होता, त्याचं ते कमाईचं काम. मी आयुष्यभर त्याला शिव्या दिल्या. हा माणूस नट, बोल्ट, वायसर, कशाची पर्वा न करता वरून ब्रश फिरवायचा. पालापाचोळा चिकटलेला असला तर त्याच्यावरूनही फिरवायचा. मी म्हणायचो, "अरे, बोल्ट काढ, खालचा गंज घास, आत रंग जाऊ दे, म्हणजे पाच वर्षं बघायला नको." तो म्हणायचा, "तुझ्या हातात ब्रश आला की तू कर." इतक्या वर्षांनी, इतक्या लांब येऊन, माझ्या हातात ब्रश आला होता.

मी एकेक बोल्ट काढला. प्रत्येक बोल्टाखाली घासलं, तांबडा प्रायमर दिला, वाळू दिला, वर निळ्या रंगाचे दोन हात दिले. बोल्टसुद्धा आट्यांसकट रंगात बुडवून वर्तमानपत्रावर वाळत घातले, मग बसवले. पाण्याचा थेंब आत जायची सोय ठेवली नाही. शेजारचा म्हातारा कुंपणापलीकडून बघायचा. एकदा आत आला, ट्रॅक्टरभोवती फिरला, काहीतरी बोलला आणि हसला. सूनबाई खिडकीत होती.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"म्हणतो, छान दिसतंय."

नंतर कळलं की तो म्हणाला होता, लग्नाला चाललाय का हा. सूनबाई आमच्या दोघांमध्ये दुभाष्याचं काम करायची, पण तिखट बाजूला काढून ताट वाढायची.

रंगानंतर वायरी. मुलाने नवीन वायर आणून दिली, बॅटरी आणून दिली. मी सगळी वायरिंग नवीन ओढली, अगदी बारीक पट्ट्यांनी बांधून. वायरिंग हा दागिना असतो. तो दिसला नाही पाहिजे, पण असला पाहिजे नीट. शेवटी बॅटरीच्या निगेटिव्हवरून ट्रॅक्टरच्या अंगाला जाणारी अर्थिंगची जाड विणलेली पट्टी नवीन बसवली, पाना लावून घट्ट आवळली. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रॅक्टरमध्ये प्रत्येक दिव्याला एकच वायर जाते. वीज परत यायला दुसरी वायर नसते, ट्रॅक्टरचं लोखंडी अंगच ते काम करतं. त्या अंगातून वीज पट्टीत येते आणि पट्टीतून बॅटरीत.

सगळं झालं. सप्टेंबर संपत आला होता. मुलाला, सूनबाईला बोलावलं. गादीवर बसलो, चावी फिरवली.

काही नाही.

सेल्फने टक् सुद्धा केलं नाही. दिवे नाहीत, हॉर्न नाही. मेलेल्या बैलासारखा थंड. सूनबाईने ओठ दाबले. मुलगा म्हणाला, "आप्पा, जेवायला चला, सूप गार होतंय."

मी म्हटलं, "तुम्ही जा."

माझ्याकडे एक टेस्टिंग बल्ब आहे. गाडीच्या इंडिकेटरचा बल्ब, त्याला दोन वायरी, एकीच्या टोकाला चिमटा, दुसरीच्या टोकाला सुई. मी तो गावाहून बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळून आणलाय. चिमटा निगेटिव्हला लावायचा आणि सुई ज्या वायरीवर शंका असेल तिला टोचायची. बल्ब पेटला म्हणजे तिथवर वीज येते, नाही पेटला म्हणजे मागे कुठेतरी तुटलंय. वायरिंगचा सगळा धंदा एवढ्यावर चालतो.

ज्याच्या हाताखाली मी शिकलो त्या उस्तादाचा नियम होता: चिमटा थेट बॅटरीच्या खुंटालाच लावायचा, ट्रॅक्टरच्या अंगाला कधी नाही. "अंग गंजकं असतं," तो म्हणायचा. "गंजावर चिमटा लावशील तर चांगली वायर पण खराब दाखवेल. बॅटरीचा खुंट खोटं बोलत नाही." हा नियम मी आयुष्यात मोडला नाही. मोडायची वेळही आली नाही.

चिमटा खुंटाला लावला. सुई स्विचवर, बल्ब पेटला. सुई हेडलाइटच्या वायरीवर, पेटला. हॉर्नच्या वायरीवर, पेटला. चावी फिरवून सेल्फच्या वायरीवर, तोही लख्ख पेटला. म्हणजे माझी वायरिंग एक नंबर. वीज सगळीकडे पोचते आणि काम कुठेच होत नाही. मग हॉर्न खराब म्हणावा? आणि दिवेही खराब, आणि सेल्फही? सगळे एकदम?

मी हॉर्न काढला. हातात धरून एक वायर बॅटरीच्या एका खुंटाला आणि एक दुसऱ्याला लावली. असा बोंबलला की घरातून सूनबाई धावत आली, तिची मीटिंग चालू होती. "आप्पा, माझ्या मॅनेजरने विचारलं, ट्रेन आली का घरात!"

हॉर्न परत जागेवर बसवला. मुका.

सेल्फ काढला, जमिनीवर ठेवला, थेट बॅटरी लावली. उडी मारून फिरला. परत बसवला, झोपला. हेडलाइट हातात पेटतो, जागेवर विझतो. म्हणजे मी हातात घेतलं की सगळे हुशार आणि ट्रॅक्टरवर बसवलं की सगळे संपावर. मुलगा रोज कामावरून आल्यावर एकदा डोकावायचा, आणि त्याचं डोकावणं मला भंगारवाल्याच्या हॉर्नसारखं ऐकू यायचं. एकदा तो मोबाइल हातात घेऊन म्हणाला, "आप्पा, इथे एका व्हिडिओत..."

"त्या व्हिडिओवाल्याने ही वायरिंग ओढली का?"

"नाही."

"मग त्याला काय विचारतोस?"

तो गेला. तो व्हिडिओ मी बघितला असता तर काय झालं असतं, हे मला कुणी विचारू नये.

दसरा जवळ आला. सूनबाई स्कारबरोच्या देशी दुकानातून नारळ आणि हळदकुंकू घेऊन आली. अंगणात तिने झेंडू लावले होते, ते फुलले. आणि ती पोळ्या लाटता लाटता हळूच म्हणाली, "आप्पा, बंद ट्रॅक्टरची पूजा केली तरी चालते नं? देवाला काय, चालू-बंद."

"बंद यंत्राची पूजा करत नाही मी. दसऱ्याला हार घालायचा आणि लिंबू चाकाखाली ठेवून त्यावरून पुढे न्यायचं. ढकलत नेऊ का?"

"मी ढकलीन," ती म्हणाली. चेष्टा होती, पण त्यात दया होती. दया मला सहन होत नाही. मी जेवण अर्धं टाकून गॅरेजमध्ये गेलो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, शेजारचा म्हातारा एक मोठा भोपळा काखेत घेऊन आला. इथे त्या दिवसांत लोक एकमेकांना भोपळे देतात, त्याचं पोळीसारखं काहीतरी गोड करतात. भोपळा त्याने बाकावर ठेवला आणि माझ्या बल्बाकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. सूनबाई कॉफीचा कप घेऊन तिथेच उभी होती, शनिवार असल्याने मोकळी होती.

"म्हणतो, काय बिघडलंय?"

"सांग, काही बिघडलं नाही. वीज सगळीकडे आहे. ट्रॅक्टरच आळशी आहे."

तिने सांगितलं. म्हाताऱ्याने हात पुढे केला. मला बल्ब मागत होता. दिला नसता, पण पाहुणा भोपळा घेऊन आला होता.

त्याने चिमटा घेतला आणि सरळ ट्रॅक्टरच्या मडगार्डला लावला. सुई हेडलाइटच्या वायरीवर. बल्ब पेटला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, भुवया वर करून.

मला हसू आलं. "सूनबाई, सांग त्याला, रंगावर चिमटा लावून बल्ब पेटत नसतो. हे शेंबड्या पोरालाही कळतं."

"आप्पा, शेंबडं नाही सांगणार मी."

"जे सांगायचं ते सांग."

मी बल्ब परत घेतला, चिमटा बॅटरीच्या खुंटाला, सुई त्याच वायरीवर. लख्ख. "बघ म्हणावं."

म्हाताऱ्याने बल्ब पुन्हा काढून घेतला. बराच वेळ सूनबाईशी बोलला. ती म्हणाली, "हे तरुणपणी विंडसरला गाड्यांच्या कारखान्यात होते. तिथे शिकवायचे की चिमटा नेहमी गाडीच्या अंगालाच लावायचा. कारण दिवा बॅटरीला नाही जोडलेला, अंगाला जोडलेला आहे. दिव्याला जे मिळतं तेच आपण मोजायचं."

"कारखान्यात गाड्या नव्या असतात. माझ्याकडे नवा ट्रॅक्टर दुरुस्तीला कोण आणत होतं? तिथे अंगावर गंजाशिवाय काही नव्हतं."

हे तिने सांगितलं. म्हातारा म्हणाला, मग आता तर गंज नाही ना, तूच घासलास. हे तिने मला सांगितलं तेव्हा तिखट काढायला विसरली बहुतेक.

मग म्हातारा इंजिनाला वळसा घालून गेला आणि धुराड्याच्या बुडाशी वाकला. धुराडं तापतं, त्याचा रंग जळतो, म्हणून मी तिथे रंग दिला नव्हता. उघडं, घासलेलं, पांढरं लोखंड. त्याने चिमटा तिथे लावला. हळूच. सुई हेडलाइटच्या वायरीवर.

बल्ब पेटला नाही.

मी पुढे झालो. चिमटा हलवला, घासला, दाबून धरला. नाही. चिमटा काढून बॅटरीला लावला, पेटला. परत लोखंडाला, विझला. तोच बल्ब, तीच वायर. माझ्या हातात पेटतो आणि त्याच्या हातात विझतो. म्हणजे तो खोटा नव्हता आणि मीही खोटा नव्हतो. बॅटरीत निगेटिव्ह आहे आणि अंगात नाही. आणि बॅटरी आणि अंग यांच्यामध्ये काय आहे? एकच वस्तू.

आम्ही दोघांनी एकाच वेळी त्या पट्टीकडे बघितलं. नवी कोरी, जाड, चकचकीत पट्टी. तिचं एक टोक बॅटरीला, दुसरं टोक एका बोल्टाने अंगाला आवळलेलं. बोल्ट निळा, बोल्टाखालची जागा निळी, आटे निळे. मी बोल्ट काढला होता, खाली प्रायमर दिला होता, रंगाचे दोन हात दिले होते, बोल्ट बुडवून वाळवला होता. पाण्याचा थेंब जाणार नाही असं काम होतं ते. वीजही गेली नव्हती.

आणि मला एकदम गावचा रंगवाला आठवला. पट्टी न काढता, बोल्ट न काढता, वरून ब्रश फिरवणारा. त्याने त्या पट्टीखाली कधी रंग जाऊच दिला नाही. त्याचा आळस आणि माझी वायरिंग, दोघांनी मिळून किती ट्रॅक्टर चालवले असतील. या दोघांना सांगून करायचं काय?

म्हातारा खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून पुढे आला, बोल्ट खरवडायला.

"थांब!" मी ओरडलो. हे त्याला दुभाष्याशिवाय कळलं.

"आप्पा, खरवडायला तर लागेल नं?" सूनबाई म्हणाली.

"लागेल. पण माझ्या रंगाला तो हात लावणार नाही."

मी पाना घेतला. बोल्ट सोडवला. पट्टी बाजूला केली. खाली निळा रंग आरशासारखा चमकत होता, त्यात माझंच तोंड दिसत होतं जवळजवळ. पॉलिश पेपर घेतला आणि घासायला लागलो. आधी निळा उतरला, मग तांबडा, मग लोखंड. एवढ्या मेहनतीने दिलेला रंग स्वतःच्या हाताने उतरवायला जीव कचरतो. म्हातारा शेजारी उभा राहून काही बोलला नाही, हे मी त्याच्या नावावर लिहून ठेवलंय. आट्यांमधला रंग वायर ब्रशने काढला. बोल्ट पांढरा केला. पट्टी पुन्हा बसवली.

"बसा," म्हातारा मराठीत नाही म्हणाला, पण गादीकडे हात दाखवला तो तसाच होता.

मी बसलो. सूनबाई कप धरून उभी राहिली. चावी फिरवली.

सेल्फने इंजिनाला उचललं. एकदा फिरलं, गुरगुरलं, दुसऱ्यांदा फिरलं आणि लागलं. धुराड्यातून काळा धूर छताला भिडला. सूनबाई किंचाळली, कॉफी सांडली. म्हाताऱ्याने टोपी काढून डोक्यावर परत ठेवली. मुलगा घरातून पळत आला, त्याच्या एका पायात चप्पल आणि दुसऱ्या पायात मोजा.

"आप्पा! चालू!"

"मग काय, तुला वाटलं चालू नाही होणार?" मी म्हटलं आणि जोरात हॉर्न दाबला.

हॉर्न मुका.

सगळे हसले. म्हातारा सर्वात जास्त. कारण हॉर्न ज्या पत्र्यावर बसतो, तो पत्राही मी तितकाच प्रेमाने रंगवला होता. आणि हेडलाइट ज्या कड्यांत बसतात ती कडीही. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं, मी एका बाजूने आणि तो दुसऱ्या बाजूने, एकेक बोल्ट काढून खालचा रंग खरवडत होतो. शेवटी मी त्याला रंगाला हात लावू दिला. पण हॉर्न माझा मीच केला.

मुलाने माझ्यासमोर भंगारवाल्याला फोन केला. इंग्रजीत बोलला, पण त्यातलं "नो, नो, इट्स रनिंग" मला कळलं. तेवढं इंग्रजी मला पुरतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. ट्रॅक्टर अंगणात काढला, झेंडूचा हार घातला. सूनबाईने ताट आणलं. तिने बोनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांना कुंकू लावलं, बॅटरीकडे वळली आणि ओलं बोट घेऊन थेट त्या पांढऱ्या बोल्टाकडे निघाली.

"तिथे नको," मी तिचा हात धरला. "तिथे काही लावायचं नाही. कुंकूही नाही."

"देवालाही अर्थिंग लागतं वाटतं," ती म्हणाली.

शेजारचा म्हातारा स्वच्छ शर्ट घालून आला होता. मी त्याचा भोपळा ट्रॅक्टरपुढे ठेवला, त्याच्यावर कुंकू टाकलं आणि एका घावात फोडला. आमच्याकडे दसऱ्याच्या सुमाराला यंत्रापुढे कोहळा फोडतात, इथे कोहळा कुठून आणणार? म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. त्याला वाटलं होतं आम्ही त्याचं गोड करून खाऊ. सूनबाईने त्याला समजावलं आणि संध्याकाळी त्या फोडलेल्या भोपळ्याचेच घारगे करून त्याच्या घरी पाठवले. त्याआधी, पूजा झाल्यावर, त्याने माझ्या मागे बसून मला ट्रॅक्टर पुढे न्यायला सांगितलं. चारी चाकांखाली लिंबं होती. फट्, फट् झाली. त्याने ट्रॅक्टर इतकी वर्षं चालवला, पण लिंबावरून कधी नेला नव्हता.

व्हॅनचा प्रश्न सुटला नाही, तो मी सोडवलाही नाही. ट्रॅक्टर गॅरेजमध्ये राहिला आणि व्हॅन बाहेर. सूनबाई महिनाभर मला ऐकवत राहिली. मग पहिला मोठा बर्फ पडला. सकाळी मी बेसमेंटमध्ये चहा पीत होतो, चूल आता मला पेटवता येते. जिन्यावर पावलं वाजली.

"आप्पा, मला आज ऑफिसात जायचंय आणि ड्राइव्हवे भरलाय. व्हॅन निघत नाही."

"अगं, पण तो डबडा ट्रॅक्टर काय कामाचा?"

"काहून छळता हो सकाळी सकाळी!"

मी कोट चढवला. ट्रॅक्टरपुढे पातं लावलेलं होतंच. चावी फिरवायच्या आधी, आता सवय झालीय, टेस्टिंग बल्बाचा चिमटा आधी बॅटरीच्या खुंटाला लावून बघितला, माझ्या उस्तादाच्या नावाने. मग धुराड्याच्या बुडाशी लावून बघितला, शेजाऱ्याचं मन राखायला. दोन्हीकडे पेटला.

आधी सूनबाईच्या व्हॅनसमोरचा बर्फ लोटला. मग कुंपणापलीकडे गेलो आणि म्हाताऱ्याच्या दारासमोरचाही लोटला. तो खिडकीत आला, कप वर केला. मी हॉर्न दाबला. चांगला लांब दाबला. वरच्या खिडकीतून मुलाचा आवाज आला, "आप्पा, शेजारी झोपलेत!"

झोपले असतील. मी अजून एकदा दाबला.